एका खेळण्याने उघडे पाडलेले सोंग

२०२१ साली एका तंत्रज्ञाने निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळावयाच्या जुन्या यंत्रावर बिटकॉइनचे ‘खाणकाम’ करून दाखविले. १९८९ साली बाजारात आलेले हे खेळणे. चार लहान बॅटऱ्यांवर चालणारे, हिरवट पडद्याचे, आठ किलोबाइट स्मृतीचे. दोन मुलांनी आपापली यंत्रे जोडून एकमेकांशी खेळावे म्हणून त्याला एका तारेची सोय होती. त्या तारेतून हे यंत्र रास्पबेरी पाय पिको या काही डॉलर किमतीच्या चकतीला आणि तिच्यामार्फत संगणकाला जोडले गेले, आणि खेळणे चलन ‘खणू’ लागले. त्याचा वेग सेकंदाला ०.८ आकडेमोडी इतका भरला. त्या वेळी याच कामासाठी खास बनविलेली यंत्रे सेकंदाला सुमारे १०० लाख कोटी आकडेमोडी करीत होती. म्हणजे खेळणे १२५ लाख कोटी पट मंद ठरले. प्रयोग करणाऱ्यानेही या उद्योगातून कमाईचा आव आणला नाही; त्याने तो गंमत म्हणूनच सादर केला. वृत्तमाध्यमांनी ती गंमत छापली आणि विषय संपला.

विषय तेथे संपावयास नको होता. गेली पंधरा-सोळा वर्षे बिटकॉइनचे पुरस्कर्ते जगाला सांगत आले आहेत की हे लोकांचे चलन आहे, याला टांकसाळ नाही, मालक नाही, कोणीही यावे आणि आपल्या यंत्रावर नाणे पाडावे. या दाव्याची परीक्षा अर्थशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांनी जितकी केली नाही, तितकी या चार बॅटऱ्यांच्या खेळण्याने केली. कारण या खेळण्याला कोणी अडविले नाही. नियमानुसार त्याला पूर्ण प्रवेश मिळाला. आणि पूर्ण प्रवेश मिळूनही त्याच्या वाट्याला काय आले, हे पाहिले की ‘सर्वांना खुले’ या शब्दांचा भांडवलशाही व्यवस्थेतील अर्थ स्वच्छ दिसू लागतो.

खाण कसली आणि खणणे कसले?

प्रथम हे ‘खाणकाम’ म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. कारण या शब्दातच निम्मी फसवणूक आहे. येथे खाण नाही, खनिज नाही आणि खाणकामगारही नाही. बिटकॉइन ही व्यवहारांची एक सामाईक वही आहे. तिच्यात साधारण दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते, आणि पान जोडण्याचा मान ज्याला मिळेल त्याला ठरावीक नवी नाणी मिळतात. तो मान ठरतो सोडतीने. पानाच्या मजकुराला एखादा अंक जोडावयाचा, त्यावर ‘हॅश’ नावाची ठरावीक आकडेमोड करावयाची आणि उत्तर एका मर्यादेपेक्षा लहान येते का ते पाहावयाचे. न आल्यास अंक बदलून पुन्हा तेच. यात बुद्धी लागत नाही, युक्ती चालत नाही, आधीच्या प्रयत्नाचा पुढच्याला उपयोग होत नाही. प्रत्येक आकडेमोड म्हणजे सोडतीचे एक तिकीट. गेम बॉयने सव्वा सेकंदाला एक तिकीट काढले. खास यंत्राने तेवढ्यात सव्वाशे लाख कोटी तिकिटे काढली.

२००८ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात या पद्धतीचे समर्थन एका संगणकाला एक मत या लोकशाही भाषेत केले होते. अमेरिकेतील बँका कोसळून दीड महिनाच झाला होता. सामान्यांच्या ठेवी आणि घरे बुडविणाऱ्या बँकांना सरकारे जनतेच्या पैशाने वाचवीत होती. त्या संतापाच्या काळात ही भाषा अनेकांना भावली, यात नवल नाही. जानेवारी २००९ मध्ये वही सुरू झाली तेव्हा घरचा साधा संगणक पुरेसा होता. वर्ष-दीड वर्षात चित्र खेळांसाठी बनविलेल्या शक्तिमान भागांनी त्याला मागे टाकले, आणि २०१३ पासून केवळ याच आकडेमोडीसाठी कोरलेल्या चिप बाजारात आल्या. त्यांची रचना मोजक्या कंपन्यांच्या हाती, त्या घडविणारे कारखाने त्याहून मोजके आणि बव्हंशी पूर्व आशियात. एका संगणकाला एक मत ही घोषणा चार-पाच वर्षांत एका डॉलरला एक मत या ठिकाणी येऊन पोहोचली.

याकरिता कोणी नियम मोडला नाही, कोणी कट केला नाही. समान नियम आणि उत्पादनसाधनांची असमान मालकी एकत्र आली की जे होते तेच झाले. गिरणीमालक आणि बेकार माणूस या दोघांनाही कराराचे सारखेच स्वातंत्र्य असते, हा युक्तिवाद श्रमिक चळवळीने दीडशे वर्षे ऐकला आहे. गेम बॉयलाही तसेच स्वातंत्र्य होते. २०२४ च्या अखेरीस सोडतीची काठिण्यपातळी जेथे पोहोचली होती तिचा हिशेब केला, तर या खेळण्याला एक पान जिंकण्यास विश्वाच्या आजवरच्या वयाच्या १३ लाखांहून अधिक पट काळ सरासरीने लागेल.

हातमाग, यंत्रमाग आणि न वाढणारे कापड

येथे एखादा विद्वान म्हणेल की यात नवे काय? यंत्र आले की जुने साधन मागे पडणारच. इंग्लंडमधील हातमाग विणकरांचे उदाहरण मार्क्सने ‘भांडवल’मध्ये दिलेच आहे: यंत्रमाग आल्यावर विणकराच्या एका तासाच्या श्रमाचे मूल्य निम्म्यावर आले, जरी त्याचे हात पूर्वीइतकेच राबत होते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी या गावांना ही कथा सांगण्याची गरज नाही. गेम बॉय हा हातमाग, टेक्सासमधील दालन हा यंत्रमाग. मग तक्रार कशाची?

तक्रार ही की या उपमेत कापडच नाही. यंत्रमागाने विणकर देशोधडीला लावला, पण तितक्याच तासांत कापड अनेक पटींनी अधिक निघाले आणि स्वस्त झाले. त्या वाढलेल्या उत्पादनाची वाटणी कशी व्हावी, यावर लढा उभा करता येत होता. बिटकॉइनच्या रचनेत मात्र दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, सोडत आपोआप अवघड किंवा सोपी केली जाते. यंत्रे दुप्पट झाली की सोडत दुप्पट अवघड होते. नाणी तेवढीच निघतात. एकूण नाणी २ कोटी १० लाख, त्यापलीकडे नाही. आणि दर पानामागे मिळणारी नवी नाणी साधारण चार वर्षांनी निम्मी होतात. २००९ साली दहा मिनिटांना ५० नाणी निघत, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ निघतात. दरम्यान जगातील यंत्रांची शक्ती अब्जावधी पटींनी वाढली. उत्पादकता अब्जावधी पटींनी वाढावी आणि उत्पादन सोळाव्या हिश्शावर यावे, असा उद्योग मानवी इतिहासात दुसरा सापडावयाचा नाही.

या विसंगतीचे पूर्ण रूप पाहण्यासाठी गेम बॉयकडेच परत यावे. या वहीच्या नियमांत काठिण्याची एक किमान पातळी आहे. २००९ चे जवळजवळ संपूर्ण वर्ष सारे जाळे त्या पातळीवरच चालले. त्या पातळीवर एक पान जिंकण्यास सरासरी सुमारे ४२९ कोटी आकडेमोडी लागतात. एक गेम बॉय दहा मिनिटांत ४८० आकडेमोडी करतो. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे ९० लाख. आता निन्टेन्डोने गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली. त्यांतील दहावा हिस्सादेखील नको. जगातील सर्व चिप-दालने उद्या बंद करून त्यांच्या जागी ९० लाख खेळणी बसविली, तरी सोडतीच्या कामापुरते बोलावयाचे तर पाने दहा मिनिटांनी निघतील, नाणी तितकीच निघतील आणि वही तितकीच भरेल. एका खेळण्याला अर्ध्या-पाऊण वॅटहून अधिक वीज लागत नाही. ९० लाख खेळण्यांना मिळून सहा-सव्वासहा मेगावॅट पुरतील.

प्रत्यक्षात काय खर्च होते? केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्राने २०२५ साली दिलेला अंदाज वर्षाला १३८ टेरावॅट-तास, म्हणजे १३,८०० कोटी युनिट असा आहे. सरासरी १५,७०० मेगावॅट अखंड. कोयनेची स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट. तेव्हा कोयनेसारखे आठ प्रकल्प वर्षाचे ३६५ दिवस, अहोरात्र, पूर्ण क्षमतेने चालवावे तेव्हा कुठे ही भूक भागेल. सहा मेगावॅटमध्ये जितकी नाणी निघाली असती तितक्याच नाण्यांसाठी पंधरा हजार! या दोन आकड्यांमधील अंतर उत्पादनासाठी खर्च झालेले नाही. ते केवळ एका भांडवलदाराने दुसऱ्याच्या पुढे राहण्यासाठी जाळले आहे.

सुरक्षिततेचा युक्तिवाद

यावर बिटकॉइनवाद्यांचे ठरलेले उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, हा खर्च अपव्यय नव्हे, पहारा आहे. ९० लाख खेळण्यांनी चालविलेली वही कोणीही एखादे शक्तिमान यंत्र आणून ताब्यात घेईल. खर्च अफाट आहे म्हणूनच वही सुरक्षित आहे.

या उत्तरात तांत्रिक तथ्य आहे, आणि त्यातच त्यांच्या पक्षाचा पराभव आहे. वही सुरक्षित राहण्यासाठी वीज जाळणे अपरिहार्य असेल, तर अपव्यय हा या व्यवस्थेत शिरलेला दोष नव्हे; तोच तिचा पाया ठरतो. शिवाय हा पहारा वहीतील कामाच्या प्रमाणात वाढत नाही. वहीची व्यवहार नोंदविण्याची क्षमता सेकंदाला सात-आठच्या आसपासच राहिली आहे. पहाऱ्याचा खर्च वाढतो तो नाण्याच्या सट्टाबाजारातील भावाप्रमाणे. भाव चढला की नवी यंत्रे येतात, उतरला की भंगारात जातात. तुलनेसाठी पाहावे: भारतातील यूपीआय व्यवस्थेतून ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला सरासरी सात हजारांहून अधिक. त्या व्यवस्थेवर स्वतंत्र टीका करता येईल. पण चहावाल्याचे दहा रुपये पोहोचविण्यासाठी तिला आठ कोयना जुंपाव्या लागत नाहीत.

आणि ज्याच्यासाठी हे सारे, तो ‘कोणावरही विश्वास ठेवण्याची गरज नाही’ हा दावा तरी उरला काय? एकट्या यंत्राला सोडत लागण्याची आशा नसल्याने बारीकसारीक खाणवाले मोठ्या गटांत सामील होतात, आणि पानावर काय लिहावयाचे ते गटाचा चालक ठरवितो. अलीकडच्या वर्षांत दोन गट मिळून निम्मी किंवा त्याहून अधिक पाने लिहीत असल्याचे अनेकदा दिसले आहे. विश्वासाची गरज संपलेली नाही. निवडून न आलेल्या, कोणालाही उत्तरदायी नसलेल्या चालकांवर तो ठेवावा लागतो, इतकेच.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चलनाने आकडेमोडीची सोडत सोडून दिली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. म्हणजे वीज न जाळताही वही राखता येते. पण तेथे पान लिहिण्याचा हक्क मिळतो तो ३२ इथर तारण ठेवणाऱ्याला. ज्याचे तारण मोठे, त्याची पाळी अधिक वेळा. बिटकॉइनमध्ये भांडवल यंत्राचा बुरखा घेऊन बसते, येथे तो बुरखाही काढला. प्रश्न यंत्राचा नव्हता, मालकीचा होता, याची याहून उघड कबुली कोणती?

टिकणारी वस्तू आणि भंगार

गेम बॉयचा रचनाकार गुनपेई योकोई याचे एक तत्त्व प्रसिद्ध आहे: जुने, स्वस्त आणि अजमावलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग कल्पकतेने शोधावा. म्हणून स्पर्धकांनी रंगीत पडदे आणले तरी याने साधा पडदा ठेवला. बॅटरी दीर्घकाळ टिकली, वस्तू सामान्य घरांना परवडली आणि तीस वर्षांनंतरही चालली. तिच्याबरोबर अनेक देशांत विकला गेलेला ‘टेट्रिस’ हा खेळ १९८४ साली मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोवने रचला होता. बारा वर्षे त्याला स्वामित्वशुल्क मिळाले नाही. तरीही कोट्यवधी मुलांनी आनंद लुटला. उपयोगमूल्य कशास म्हणावे, याचे हे साधे उदाहरण.

याच्या शेजारी खाणकामाचे यंत्र ठेवावे. ते एकच आकडेमोड करू शकते. त्यावर पत्र लिहिता येत नाही, हिशेब करता येत नाही, मुलाला खेळता येत नाही. डी व्रीस आणि स्टोल या संशोधकांनी २०२१ साली मांडलेल्या अंदाजानुसार अशा यंत्राचे सरासरी आयुष्य १.२९ वर्षे होते आणि त्यातून वर्षाला ३० हजार टनांहून अधिक इलेक्ट्रॉनिक भंगार निर्माण होत होते. यंत्र बिघडते म्हणून फेकले जात नाही. शेजाऱ्याने अधिक वेगवान आणले म्हणून फेकले जाते.

काम न करण्याची मजुरी

या उद्योगाने राष्ट्राराष्ट्रांत काय केले, तेही पाहावे. २०२१ साली चीनने खाणकामावर बंदी घातली. यंत्रे स्वस्त कोळशाच्या विजेसाठी कझाकस्तानात गेली. काही महिन्यांत तेथे विजेचा तुटवडा पडला आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस खाणकाम-दालनांची वीज तोडावी लागली. अमेरिकेत टेक्सासमधील रॉकडेल येथे ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना होता. २००८ साली त्याची भट्टी विझली आणि कामगार घरी गेले. पुढे त्याच परिसरातील वीजजोडणीवर खाणकामाची दालने उभी राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये उष्णतेची लाट आली, विजेची मागणी शिगेला पोहोचली, तेव्हा ही दालने चालविणाऱ्या रायट कंपनीला यंत्रे बंद ठेवण्याबद्दल ३ कोटी १७ लाख डॉलर किमतीच्या सवलती मिळाल्या. त्या महिन्यात तिने खणलेल्या नाण्यांच्या किमतीपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी होती.

केन्सने १९३६ साली उपहासाने लिहिले होते की सरकारला दुसरे काही सुचत नसेल तर त्याने नोटा बाटल्यांत भरून जुन्या खाणींत पुराव्यात आणि लोकांना त्या उकरू द्याव्यात. निदान बेकारांना काम तरी मिळेल. आजच्या भांडवलशाहीने त्यातील बाटल्या तेवढ्या उचलल्या आणि बेकारांना वगळले. उकरणारी यंत्रे, आणि यंत्रांनी न उकरावे म्हणून त्यांच्या मालकाला लाखो वीजग्राहकांच्या खिशातून मोबदला!

महाराष्ट्राचा संबंध

हे सारे दूरदेशीचे, असे समजून कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. २०१५ नंतर ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने याच खाणकामाचे स्वप्न विकले. तुमचे बिटकॉइन आम्हांस द्या, आम्ही यंत्रांवर खाणकाम करू, दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परतावा देऊ, असे आश्वासन होते. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी योजनेच्याच स्वतःच्या, जवळजवळ मातीमोल नाण्यात दिला गेला, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. २०१८ साली पुण्यात गुन्हे नोंदले गेले. नंतर तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही देशभर साठाहून अधिक ठिकाणी झडत्या चालूच होत्या. ज्या वहीचे नियम नवी नाणी चार वर्षांनी निम्मी करतात, तिच्यातून दरमहा १० टक्के निघतील, हे ज्याला खाणकामाचा अर्थ ठाऊक आहे तो क्षणभरही मानणार नाही. पण तो अर्थ सांगितला कोणी? सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का कपात लावली. आपला हिस्सा घेण्यास शासन तत्पर राहिले. बुडालेल्यांना संरक्षण देण्याची तत्परता दिसली नाही.

मात्र या तरुणांची टिंगल करून भागणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना प्रथम आपल्याच खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येऊ लागले. आयुष्याची पुंजी अडकलेल्या वृद्धांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना ‘बँकेविना चलन’ हे शब्द गोड वाटले तर दोष कोणाचा? सहकाराचे नाव लावून सावकारी करणाऱ्या संचालकांनी आणि झोपलेल्या नियामकांनी या सट्ट्याला गिऱ्हाइके मिळवून दिली आहेत. बँकांविषयीचा तो अविश्वास रास्त आहे. त्यावर सुचविलेला उपाय खोटा आहे.

म्हणून चळवळीच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. खाणकामाला उद्योग मानून सवलतीची वीज, जमीन वा करमाफी कोणत्याही राज्याने देऊ नये; शेतपंपाला रात्री वीज मिळते तेथे सोडतीच्या यंत्राला दिवसाची वीज मागण्याचा हक्क नाही. खाणकामाच्या नावाने गोळा केलेल्या ठेवींचा तपास कालबद्ध व्हावा आणि जप्त मालमत्तेवर पहिला हक्क छोट्या ठेवीदारांचा असावा. सहकारी बँकांत ठेवीदारांना कारभारावर प्रत्यक्ष देखरेखीचा अधिकार मिळावा; कारण विश्वासाला पर्याय यंत्र नसून उत्तरदायित्व आहे. आणि अभ्यासवर्गांत हा विषय घ्यावा. त्यासाठी अवघड पारिभाषिक शब्दांची गरज नाही. सेकंदाला ०.८ आणि सेकंदाला १०० लाख कोटी, हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, दोघांनाही नियम एकच आहे हे सांगावे, आणि मग नव्वद लाखांचा भागाकार जमलेल्या तरुणांकडूनच करून घ्यावा.